आबकारीमामांनी जप्त केलेली सिरा

आमच्या मामांना लोक तोंडावर जमादार म्हणत आणि पाठीमागे नुसतं ‘नाक’. पोलीस ॲक्शननंतर निझामाचं राज्य गेलं, पुढे खात्याचं सरकारी नावही बदललं, पण दारू पकडणाऱ्या त्या खात्याला आमच्याकडे आबकारीच म्हणत राहिले आणि तिथे नोकरीला लागलेले मामा जन्माचे आबकारीमामा झाले. करमाडच्या रस्त्याला जीप थांबवायची, खाली उतरून वाऱ्याकडे तोंड करायचं आणि छडीने एखादा उकिरडा दाखवून म्हणायचं, “खणा इथं.” उकिरड्याखालून हातभट्टीचं पिंप निघायचंच. सोबतचे शिपाई खणायला लागले की मामा जीपमध्ये बसून शेंगा खात.

आयुष्य दारूत गेलं, पण मामांनी थेंब चाखला नाही. तंबाखू नाही, तपकीर तर नाहीच. यात व्रतवैकल्याचा काही संबंध नव्हता. “नाक माझी भाकर हाय,” ते म्हणत. “भाकरीवर कुणी पिचकारी मारतं व्हय?” दुसऱ्याच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. मामीने दूध ताजं आहे म्हटलं तरी ते आधी पातेल्यावर वाकत. घर गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीत. कोपऱ्यावरचे अत्तरवाले चाचा त्यांचे जिगरी दोस्त, पण धंद्याच्या वेळी मामांना दुकानात टेकू देत नसत. “जमादारसाब, तुम बैठे तो गिराइक को शक आता,” असं म्हणून चहा बाहेर रस्त्यावरच पाजत.

नात्यात त्यांचा खरा उपयोग लग्नाच्या बैठकीत. मुलगा बघायला आला की मामांना त्याच्या शेजारी खेटून बसवायचं. मामा इकडच्या तिकडच्या गप्पा मारत, पाठीवर हात टाकून त्याचा श्वास हुंगत, आणि “पाणी आणा गं” म्हणाले की आई पोह्यांच्या बशा आवरायला घ्यायची. स्थळ मोडलं! माझी दोन चांगली पगारदार स्थळं अशी त्या पाण्यात वाहून गेली. त्यातल्या एकाने फक्त खोकल्याचं औषध घेतलं होतं, असं मागून कळलं. त्यावर मामा म्हणाले, “खोकलेवाला तरी कशाला करायचा?”

तिसरा आला तो नाशिककडच्या एका वायनरीत वाईन बनवणारा. मला तो बघताक्षणीच आवडला, म्हणून चहाचा ट्रे हातात धरून मी दारामागेच थिजले.

“मंग रोज पेता?” मामांनी विचारलं.

“चाखतो मामा, आणि थुंकून टाकतो.”

“थुंकता? पगार घेऊन?”

मामा हसले नाहीत, पण पाणीही मागितलं नाही. मुलाने भीतभीत एक बाटली पुढे केली. सिरा नावाच्या काळ्या द्राक्षांची, त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली पहिली वाईन. ही आत्ता प्यायची नाही, दहा वर्षं मुरू द्यायची, असं तो म्हणाला. मामांनी बाटली तोलून पाहिली, गळ्याला सुतळी बांधली, बुचावर लाख ओतून तिच्यावर अंगठीचा ठसा उमटवला. “ही जप्त. तुमच्या पिण्यापायी पोरीला एकदा जरी रडाया लागलं, तर तुमच्यासमोर मोरीत ओतीन. आन् दहा वर्षं कोरे राहिलात, तर मी सोता चाखून सांगीन तुम्ही माणूस कसे हाय ते.”

लग्न झालं. बाटली आडवी, अंधारात आणि गारव्यात ठेवा, असं नवऱ्याने बजावलं होतं. आमच्याकडच्या मे महिन्यात गारवा म्हणजे माठाखाली. तेव्हा सिरा मामीच्या माठाखालच्या ओल्या वाळूत निजली. “आरोपीला माझ्या पाण्याखाली निजवलाय,” असं मामी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

आम्ही गेलो की मामा जावयाला कडकडून मिठी मारत. ती मिठी नव्हती, झडती होती. एकदा तो द्राक्षांच्या हंगामातून थेट आला. कपड्यांना आंबलेल्या रसाचा असा वास, की मलाच घाम फुटला. मामांनी कॉलर हुंगली, तोंडाजवळ नाक नेलं आणि जाहीर केलं, “कापडं पेलेत. माणूस कोरा हाय.” सगळे हसले, नवराही हसला. परतीच्या बसमध्ये मात्र तो म्हणाला, “मामांनी एकदा तरी नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा गं.” मला फार वाईट वाटलं. पण मामांना हे सांगणार कोण?

मुदत भरली त्या वर्षी दिवाळीला आम्ही मुद्दाम गेलो. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी पेपर वाचत बसले होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर गॅसवरचं दूध करपून कोळसा होत होतं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. मामांनी पेपरातून मान वर केली नाही. मामीने मला बाजूला ओढलं. “करोना झाल्यापासून त्यांना कसलाच वास येत नाय. कुणाला सांगू नको म्हणालेत.” आता हे निकाल कसला देणार?

दुपारी मामांनी लाख फोडली. बूच मधेच तुटलं, तेव्हा वाईन चहाच्या गाळणीतून गाळून काचेच्या पेल्यांत घेतली. मामांनी बाटली उजेडात धरली आणि जुनं खातं जागं झालं.

“गाळ हाय की खाली! भेसळ!”

“वयाचा गाळ आहे मामा. चांगल्या जुन्या वाईनला येतो.”

मामांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. मामी पदराशी चाळा करत होती. नवरा परीक्षेला बसल्यासारखा ताठ. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. मामांनी पेला खाली ठेवला.

“जावईबापू, मला काय बी कळत नाय. नाक गेलंय माझं.” मग घसा खाकरून म्हणाले, “तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते खरं.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग पेला उचलून सावकाश वास घेतला, घोट घेतला, आणि त्या दिवशी थुंकला नाही. “मिरी आहे मामा, ताजी कुटल्यासारखी. सुकलेलं जांभूळ. मागून जुन्या चामड्याचा वास येतो, उन्हात ठेवलेल्या पट्ट्याचा.” पेला खाली ठेवून म्हणाला, “पण उन्हाळ्यांनी थोडी मारली हिला. शेवट आखूड आहे, चव जिभेवर टिकत नाही. याहून चांगली व्हायला हवी होती.”

मामांनी मांडीवर थाप मारली. “आपल्या मालाची खोड आपल्या तोंडानं सांगतो! ऐकलं का गं? ह्या माणसाला काय हुंगायचं?” आणि त्यांनी जन्मातला पहिला घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. “तुरट हाय. ह्याच्यापायी मी एवढे उकिरडे खणले व्हय?”

आम्ही पोट धरून हसलो. नवरा हसता हसता डोळे पुसत होता.

“अजून सांगा,” मामा म्हणाले. वाईनचं सांगून झालं. मग मामीच्या चिवड्याचं, मग दारातल्या झेंडूच्या तोरणाचं. तरी त्यांचं मन भरेना, म्हणून संध्याकाळी आम्ही त्यांना घेऊन बाहेर पडलो.

मामा पुढच्या उन्हाळ्यात गेले. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, जावयाचा दंड धरून गुलमंडीतून चाललेले. नवरा एकेका दुकानासमोर थांबून सांगत होता, “हे कोरं कापड, खळीचा वास. इथे धणे भाजताहेत. हा चाचांचा गुलाब.” मामा डोळे मिटून मोठा श्वास घेत आणि म्हणत, “व्हय. आला.”