बॅकअप घेतला, पण फक्त माझाच

मंडळी, आज लई लाज वाटायली.

दुपारी घरच्या कॉम्प्युटरवरचं जुनं लिनक्स काढून दुसरं टाकलं. आधी माझं फोल्डर सीडीवर उतरवून घेतलं. गाणी, वॉलपेपर, काही म्हणून सोडलं न्हाई. मग हार्डडिस्क बिनधास्त पुसली.

संध्याकाळी बायको तलवाड्याच्या शाळेत शिकवून आली आणि एमएडचा प्रबंध टाइप करायला बसली.

"अवो, ह्यात माझं नाव कुठं हाय?"

तिला वेगळं लॉगिन मीच हौसेनं करून दिलतं. त्याचं फोल्डर पण वेगळं असतं, हे मला तेव्हा आठवलं. तिचा अख्खा प्रबंध त्यातच होता.

"बघतो," एवढंच म्हणालो.

"सापडंल की. आधी चहा घ्या," म्हणत ती आत गेली.

कुठल्या तोंडानं पिऊ तो चहा, तुमीच सांगा.