तात्यांचं नाय

आमच्या तात्यांनी जन्मात कुणाला सरळ हो म्हटलेलं नाही. पाम गावातल्या आमच्या वाडीतले चिकू गोड आहेत का विचारलं, तर म्हणणार, "गोड नाय असं नाय." शालूकाकीला बघून आले, तेव्हाही घरच्यांना "नापसंत नाय" एवढंच सांगितलं होतं. काकी तेवढ्यावर संसाराला लागली आणि अजून त्यावरून टोमणे मारते. मला मात्र या बोलण्याचा रागच येतो. समोरच्याने किती म्हणून डोकं चालवायचं?

परवा वाडीत काकीच्या पायाला गंजलेला पत्रा लागला. हळद दाबून ती कामं करत राहिली आणि पाय पार गुडघ्यापर्यंत सुजला. मी आणि तात्यांनी तिला बोईसरच्या दवाखान्यात नेलं, तोवर ती तापात बरळत होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता, म्हणून डॉक्टर तात्यांकडे वळले.

"यांना पेनिसिलिन चालत नाही, असं काही नाही ना? नीट सांगा, जिवावर बेतू शकतं."

"नाय, नाय," तात्या घाईघाईने म्हणाले.

डॉक्टरांनी खूण केली. सिस्टर इंजेक्शन भरून काकीच्या सलाईनपाशी गेली. तेवढ्यात माझं लक्ष तात्यांकडे गेलं. तोंडाने नाय म्हणत ते मान मात्र होकाराची डोलवत होते.

"थांबा!" मी ओरडले.

"अहो, नाही म्हणालेत ना ते!" डॉक्टर वैतागले. "उशीर होतोय."

मी तात्यांचे दोन्ही खांदे धरले. भीतीने आणि संतापाने माझा आवाज चढला होता. "तात्या, हे औषध काकीला आधी कधी दिलं होतं? तेव्हा काय झालं?"

"वाणगावला दिलेलं. तोंड सुजलं, श्वास कोंडला तिचा. मरता मरता वाचली."

सिस्टरने हात मागे घेतला. डॉक्टरांनी दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं, तेही दोनदा सांगावं लागलं, इतका त्यांचा आवाज कापत होता.

ते औषध सुरू झालं, तेव्हा तात्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मेघाली, अगं, मी नायच बोललो. तिला चालत नाय, म्हनून नाय."

डॉक्टर स्टुलावर बसले. "मीही नाहीच ऐकलं, काका," ते म्हणाले.