दुसऱ्या गिअरमध्ये आलापल्ली

बाबा चंद्रपूरला वीज केंद्रात फिटर होते. लिलावात निघालेली एक जुनी डिझेल जीप त्यांनी घरी आणली आणि पुढचे सहा महिने दर रविवारी ते तिच्या खाली पाठीवर पडून राहिले. फक्त पाय बाहेर दिसायचे. जेवायला बोलावलं की खालून आवाज यायचा, "आलो आलो." आई एकदा वैतागून म्हणाली, "अजी, तिले आठ दिवस माहेरी तरी पाठवा."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पाचवीत होते, दादा आठवीत. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि बाबांनी जाहीर केलं, "यंदा जंगल पाहाचं. आधी ताडोबा, मंग आलापल्ली. तंबूत राहाचं, चुलीवर खाचं."

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "भाऊ, जंगलात लोक लाकडाले जाते, नाईतर नोकरीले. तुमी काऊन चालले?"

"पाहाले," बाबा म्हणाले. काकांना ते काही पटलं नाही.

तंबू कुठून आणायचा? बाबांच्या ओळखीच्या मंडपवाल्याने एक फाटकी कनात दिली, लाल-पिवळ्या पट्ट्यांची. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, शिवणकाम उत्तम. तिने वरून ताडपत्री जोडून मशीनवर दोन दिवसांत तंबू उभा केला. ती सगळं करायची, पण कुठल्याही चाकाला हात लावायची नाही. सायकलसुद्धा तिला येत नव्हती. आणि आमच्यासोबत आत्याबाई निघाल्या. बाबांच्या थोरल्या बहीण. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या सकाळी लोखंडी पेटी, लोणच्याची बरणी आणि पितळेची मोठी परात घेऊन जीपच्या मागच्या सीटवर बसूनच होत्या.

"परात कशाले, बाई?" बाबांनी विचारलं.

"कणीक काय वाघाच्या पाठीवर मळू?"

ताडोब्याला विश्रामगृहाच्या आवारात तंबू टाकायची परवानगी मिळाली. चौकीदाराने आमची लाल-पिवळी कनात पाहिली आणि बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "लगन कोनाचं हाय?"

दोन दिवस आम्ही तलावाकाठी हुंदडलो. रानगवे पाहिले, चितळांचे कळप पाहिले, ओंडका समजून मगर पाहिली. वाघ काही दिसला नाही. पण दुसऱ्या सकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या ओल्या मातीत एक पंजा उमटलेला सापडला. आत्याबाईंनी धावत जाऊन त्यावर परात पालथी घातली आणि शेजारी मांडी घालून बसल्या. आवारातला जो कोणी येईल त्याला परात उचलून दाखवायच्या आणि पुन्हा झाकायच्या. त्या दिवशी आमची पोळी झाली नाही, भातावर भागलं.

तिथून चिमूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी असं करत आम्ही आष्टी ओलांडली. दोन्ही बाजूंनी धान कापणीला आलेलं, बांधांवर माणसं, आणि मग एकाएकी शेतं संपून सागाचं जंगल सुरू झालं. एवढे उंच साग मी कधी पाहिले नव्हते. दादा मान मागे टाकून पाहताना टोपी हरवून बसला.

त्या दिवशी आम्ही रस्त्याकडेच्या एका नाल्याजवळ मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंना चहा हवा होता. वाळकी लाकडं दवाने ओली झाली होती. बाबांनी एका मोठ्या अर्जुनाच्या झाडाखाली चूल मांडली, ओल्या काटक्या रचल्या आणि फुंकर घालायला बसले. धूर सरळ वर गेला. वर काय लटकलंय ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

आधी घोंघाट ऐकू आला, मग आईची किंकाळी. "जीपीत बसा! जीपीत!" आग्या मोहोळ उठलं होतं.

आई आणि मी तंबूत शिरलो, आत्याबाईंनी दादाला आपल्या लुगड्याखाली ओढलं आणि त्याच्यासकट जीपमध्ये पडल्या. बाबा नाल्याकडे धावले, माशा त्यांच्या मागे. त्यांनी सरळ पाण्यात बसकण मारली आणि डोकं बुडवलं. श्वासाला वर आले की माशा, खाली गेले की पाणी. कितीतरी वेळ हे चाललं. शेवटी माशा पांगल्या. आई गेली आणि हात धरून त्यांना बाहेर घेऊन आली.

मी बाबांना ओळखलं नाही. ओठ वांग्यासारखे, कान भाकरीसारखे, आणि दोन्ही डोळे सुजून बंद. ते हसायला गेले, पण चेहऱ्याचं काहीच हललं नाही. "मले काई दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांना थंडी वाजू लागली, दात वाजायला लागले.

रस्ता रिकामा होता. बस दुपारनंतर. आलापल्लीचा दवाखाना वीसेक किलोमीटर पुढे. आई दोन वेळा रस्त्यावर जाऊन पाहून आली. तिसऱ्यांदा आली ती पदर कमरेला खोचूनच. तंबू आणि सामान आम्ही जीपमध्ये कोंबलं, आणि बाबांना डाव्या सीटवर बसवून ती स्वतः स्टिअरिंगच्या चाकामागे जाऊन बसली.

आत्याबाई ओरडल्या, "अवं, तुले सायकल येत नाई!"

"सायकलले दोनच चाकं राह्यते. ती पडते. ही कुठी पडते?"

बाबा डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी हात लांब करून गिअरच्या दांड्यावरचा तिचा हात शोधला आणि त्यावर आपला ठेवला. "डावा पाय पूर्ण दाब. दाबला? आता माझ्या हातासंगं ये. हा पहिला. पाय हळूहळू सोड... हळू, अवं, हळू!"

जीपने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. चार वेळा. पाचव्यांदा ती निघाली.

बाबांना दिसत काही नव्हतं, पण इंजिन त्यांना ऐकू येत होतं. डोकं एका बाजूला कललेलं, सुजलेला कान इंजिनाकडे. "रडून राह्यली ती. दाब पाय. दुसरा टाक." आई दुसरा टाकायची. "आता बरं वाटलं तिले." आम्ही दुसऱ्यातच राहिलो. तिसऱ्याचं नाव काढलं की आई म्हणायची, "आलापल्ली कुठी पळून नाई चालली."

हॉर्न कधीचाच वाजत नव्हता. समोरून धानाचे भारे लादलेल्या बैलगाड्या यायच्या. आत्याबाई उभ्या राहिल्या, एका हाताने लोखंडी कांब धरली आणि दुसऱ्या हाताने परातीवर झारा बडवायला लागल्या. बैलं बिचकून कडेला व्हायची. गाडीवान आधी बाईमाणूस जीप चालवताना पाहायचे, मग परात वाजवणाऱ्या आत्याबाई, आणि मग बाबांचा चेहरा. एकाने तर हात जोडले.

एका ओढ्यापाशी रस्ता पाण्यात उतरत होता. आईने जीप थांबवली.

"किती खोल?" बाबांनी विचारलं.

दादा उतरून चालत पलीकडे गेला. "गुडघ्याएवढं!"

"जाऊ दे मंग. पहिल्यात टाक, थांबू नको. काई झालं तरी थांबू नको."

आईने एक दीर्घ श्वास घेतला. जीप पाण्यात उतरली, दोन्ही बाजूंना पाणी उडालं, मध्येच चाक दगडावर चढलं आणि सगळी गाडी तिरकी झाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही वर आलो होतो आणि बाबा सुजलेल्या ओठांनी काहीतरी म्हणत होते. ते "शाबास" होतं असं आईने नंतर सांगितलं.

दवाखान्याच्या दारात तिने ब्रेक इतका जोरात दाबला की लोणच्याची बरणी पुढे आली. तरुण डॉक्टर तेलुगू वळणाचं मराठी बोलणारे होते. त्यांनी बाबांना आडवं केलं, इंजेक्शन दिलं, चिमट्याने एकेक काटा काढायला बसले. "अर्धा दिवस उशीर केला असता तर कठीण होतं," ते म्हणाले. "ड्रायव्हर कोण?"

बाबांनी आवाजाच्या दिशेने, चुकून कपाटाकडे, बोट केलं. "ही. माझी बायको."

आई तिथे नव्हती. मी शोधायला बाहेर गेले तर ती जीपच्या मागच्या बाजूला मातीत बसली होती. तोंडाला पदर लावून ती रडत होती. मी जवळ जाऊन बसले. तिने मला कुशीत घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबांले सांगू नको. आन् हा पाय, पाह्य, अजून क्लच दाबूनच राह्यला." खरंच, तिचा डावा पाय आपोआप हलत होता. आम्ही दोघी हसायला लागलो.

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. तंबू टाकायला वनखात्याच्या एका कर्मचाऱ्याने आपलं अंगण दिलं. तिसऱ्या दिवशी बाबांचा एक डोळा फटीएवढा उघडला, आणि सगळ्यांत आधी ते जुने साग पाहायला गेले. आम्ही चौघांनी हात धरून एका झाडाला मिठी मारली, तरी वेढा पुरा झाला नाही. आत्याबाई आल्या तेव्हा झाला.

परतीला आईच चालवत होती. आता ती तिसऱ्यातही जायची. मूलच्या पुढे बाबांचे दोन्ही डोळे चांगले उघडले होते. ते म्हणाले, "दे आता, मी घेतो."

"चंद्रपूर येऊ द्या," आई म्हणाली.

चंद्रपूर आलं. वेशीतून आत शिरल्यावर बाबांनी पुन्हा विचारलं.

"आता गर्दी हाय. घर येऊ द्या."

घरासमोर जीप थांबली तेव्हा शेजारचे काका कुंपणापाशीच उभे होते. आम्ही सामान उतरवायच्या आत आत्याबाईंनी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली होती. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचली, आणि तोवर तिच्यात ओढ्यापलीकडे बसलेला एक वाघही आला होता. आईने तो खोडून काढला नाही.