मेधाचं धोंडस

मेधा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्यानं, नितीननं केला. दोनच वाक्यं बोलला. मी टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्या घरी स्वयंपाकात होते. फोन ठेवला आणि सांगायला लाज वाटते, पण आधी मला हायसं वाटलं... रडू नंतर आलं. महिना झाला. हाच फोन वर्षभर आधी आला असता तर मी स्वतःला कधीच माफ करू शकले नसते, आणि ते का, हेच सांगायचं आहे.

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर आम्ही तिघी एका खोलीत: मेधा, वैशाली आणि मी. मेधा वेंगुर्ल्याची. तिच्या आईचं धोंडस एसटीनं यायचं. पिकलेल्या मोठ्या काकडीचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, आणि वरखाली निखारे ठेवून भाजलेलं. डबा उघडला की शेजारच्या खोल्यांना आमची हमखास आठवण व्हायची! पुढे आयटीची लाट आली. मेधा नोकरीनं आणि मी नवऱ्यामागून, अशा दोघी दोन हजार चारच्या सुमारास टोकियोला लागून असलेल्या ग्योतोकुला, एकाच गल्लीत येऊन पडलो.

एका जूनमध्ये ती वेंगुर्ल्याहून परतली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसनं तिला नागोयाला धाडलं. आईनं दिलेला धोंडसाचा डबा ती माझ्याकडे ठेवून गेली. मी अतिशहाणी, तो ओट्यावरच ठेवला. दमट हवेत धोंडसाला बुरशी धरली, तशी मी ते जळाऊ कचरा उचलायच्या दिवशी टाकून दिलं आणि डबा लख्ख घासून ठेवला. मेधा एवढंच म्हणाली, "विचारायचं तरी गं." त्याच दिवाळीत तिची आई अचानक गेली. म्हणजे आईच्या हातचं शेवटचं धोंडस मी कचऱ्यात घातलं होतं. मेधा गावाहून परत आल्यावर आपल्या रीतीप्रमाणे मी भेटायला जायला हवं होतं. गेले नाही. आज नको, उद्या जाऊ... कुठल्या तोंडानं जाऊ? मग आम्ही कोतोला घर बदललं आणि बघता बघता तीन वर्षं गेली.

गेल्या वर्षी वैशाली कंपनीच्या कामासाठी टोकियोत आली. तिनं माझं काही न ऐकता मला तोझाई लाइनच्या गाडीत बसवलं आणि थेट मेधाच्या दारात नेऊन उभं केलं. मेधाच्या डोक्याला स्कार्फ, भुवया गेलेल्या. आजाराचं मला काहीच माहीत नव्हतं.

"आत या," ती म्हणाली. "धोंडस करायचंय. आईनं कृती लिहून ठेवलेली नाही. तिघींना मिळून आठवेल तेवढं खरं."

इथल्या काकड्या बोटभर जाडीच्या, डझनभर किसल्या. गुळाऐवजी ओकिनावाची काळी साखर. निखाऱ्यांचं काय? मेधानं शेगडीखालचा मासे भाजायचा कप्पा ओढला. त्यात वरूनही आच आणि खालूनही! पहिलं धोंडस रंगानं थेट वेंगुर्ल्याचं झालं, आणि तोंडात घातलं तर बांगडा! नितीननं आदल्या दिवशीच त्यात मासे भाजले होते. मी शाकाहारी, माझं तोंड बघून मेधा हसत हसत खालीच बसली. कप्पा तीनदा घासला, पुन्हा काकड्या आणल्या, आणि दुसरं मात्र जमलं.

वैशाली भांडी विसळत होती तेव्हा मी म्हणाले, "मेधा, तुझी आई गेली तेव्हा मी आले नाही."

"डब्याचा राग दोन दिवसांत गेला होता गं," ती म्हणाली. "पण तू येशील म्हणून महिनाभर मी शनिवार-रविवारी घराबाहेर पडले नाही."

तिनं कडेचा खरपूस तुकडा माझ्या हातावर ठेवला. "आता आलीस ना? खा मग."

त्यानंतर दर शनिवारी मी ग्योतोकुला जात राहिले, तिच्या शेवटच्या शनिवारपर्यंत.

आणि ती गेली त्या संध्याकाळी, फोनही न करता, मी भेटायला गेले. नितीन सोफ्यावर नुसता बसून होता. चहा टाकायला ओट्याशी गेले, तर कप्प्याच्या मुठीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर मेधाचं अक्षर: 'येथे मासे भाजू नयेत. हुकमावरून.' हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदम.

"ती पट्टी राहू दे हं," नितीन बाहेरून म्हणाला. "बांगडा मी स्टेशनजवळच्या दुकानातून भाजलेलाच आणतो."