बायच्या घरातली झोळी

खोडाळ्याहून जव्हारच्या बाजाराला आलेल्या एका शेजाऱ्याने शाळेच्या दारात निरोप दिला, "मास्तर, तुमची बाय गेली." डोक्यावरचे नागलीचे गाठोडेही त्याने उतरवले नव्हते. त्याला आता महिना होऊन गेला...

बाय माझी थोरली बहीण. आईच्या मागे तिनेच मला वाढवले. दुसऱ्यांच्या शेतात भात लावून तिने मला शाळेत ठेवले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवी म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हते, पण मी आलो की ती शेजारणींना मुद्दाम हाक मारी.

लग्नाला बरीच वर्षे होऊनही तिला मूल नव्हते. मग पाळी थांबली, पोट वाढू लागले. पाड्यावरच्या बायांनी तिच्या डोक्यावरची घागर काढून घेतली. दाजींनी जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला बांधली. पोट दुखे, पण पोटुशीला तापल्या विळ्याचा डाग द्यायचा नाही म्हणून भगतही मागे सरला. संध्याकाळी ताप येई, हातपाय वाळत चालले. पोर आईचे अन्न खाते, असे सगळे म्हणत.

दिवाळीला गेलो तेव्हा तिचे दंड मला पाहवेनात. डोलीतून तिला संस्थानच्या दवाखान्यात आणले. डॉक्टरांनी पोटावर बोटाने ठोकून पाहिले, मग तिला कुशीवर वळवून पुन्हा ठोकले. बद्द आवाज जागा बदलत होता, म्हणजे आत पाणी साठले होते. पोर कधी हलले का, असे त्यांनी विचारले.

"गरीब आहे माझं," बाय म्हणाली.

जाड सुईने त्यांनी थोडे पाणी काढले, पिवळसर. मला बाहेर नेऊन म्हणाले की हा पोटातला क्षय. खोकला नसला तरी क्षय असतो, आणि पाळीही त्यानेच गेली. खात्रीचे औषध नाही. विश्रांती, दूध, मोकळी हवा...

तिला सांगणे माझ्यावर आले. मी एवढेच म्हणालो, "बाय, आत पाणी आहे."

"पाण्यातच असतंय पोर. एवढा शिकलास नि..." ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "झोळी सोडाया सांगू काय तुझ्या दाजीला?"

मी डोलीवाल्यांना हाक मारायला बाहेर गेलो. परतीच्या वाटेवर डोलीत तिने तोंडावर पदर ओढून घेतला.

परवा खोडाळ्याला गेलो. झोळी तशीच आहे. दाजी चुलीपुढे बसले होते. भात शिजेपर्यंत त्यांचा एक हात दोरीवर होता आणि रिकामी झोळी हळूहळू हलत होती. सोडू का, असे विचारणार होतो... मग झोळीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.