विसाव्यावरचा दगड

नारायण गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या शाळेचा शिपाई सायकलवरून डोणगावला आला, तेव्हा मी वर्गावर होतो. मेहकरला पोचेपर्यंत तिरडी उचललेली होती. वाटेत विसाव्याला खांदेकरी थांबले आणि त्याच्या धाकट्या भावानं, मधुकरनं, रिवाजाप्रमाणे वाकून हाताला लागला तो दगड उचलला. हाच आता जीवखडा. गेलेल्याचा जीव त्यात आहे असं समजून त्याला रोज पाणी द्यायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचा. मधुकरनं तो न बघताच उपरण्यात बांधला. मला फार वाईट वाटलं. नारायणानं जन्मात एक दगड न बघता उचलला नव्हता...

आम्ही बरोबरच मास्तरकीला लागलो. तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. नवं राज्य झालं त्या सुमारास आमच्याकडे विहिरींची कामं जोरात होती. कुठे सुरुंग उडाला की सुट्टीच्या दिवशी हा तिकडे हजर. सुलतानपूरच्या बाजूला तर लोक याला ठेकेदारच समजत. बाकीचे पाणी लागलं का ते बघत, आणि हा ढिगाऱ्यात बसून दगडाला जीभ लावी. ओला झाल्याशिवाय दगडाचा रंग कळत नाही म्हणे! काळ्या दगडाच्या पोकळीत सुयांसारखे पांढरे स्फटिक निघाले की स्वारी दिवसभर खूश.

हे सगळं घरी येऊन पडायचं. मधल्या खोलीतली खाटसुद्धा दगडांनी भरलेली. शेगावला दर्शनाला निघालेले पाहुणे बिचारे ओसरीवर झोपत. दगडांच्या सांदीत कोळी. एका दिवाळीला वहिनी केरसुणी घेऊन आत शिरल्या, तर हा दारात आडवा. एका कोळ्याच्या मादीनं अंड्यांची पिशवी पोटाशी धरली होती.

"पिल्लं निघू दे वं, मंग झाड."

"माह्या घरात कोळ्याचीच पोरं नांदाची हायेत वाट्टे," वहिनी म्हणाल्या. त्यांना मूल नव्हतं. बोलताना त्या हसल्या. आम्हा दोघांना हसता आलं नाही. खोली त्या वर्षी तशीच राहिली.

दहाव्याच्या सकाळी आम्ही नदीवर निघालो. ओसरीच्या वळचणीला टांगलेला जीवखडा मधुकर सोडवू लागला, तशा वहिनी दारात आल्या. ज्या दगडांवरून त्यांनी उभा संसार भांडण्यात घालवला, त्यांच्याच बाजूनं त्या बोलत होत्या.

"भाऊजी, हा एकच दगड काऊन टाकता? राहू द्या ना घरात. त्या खोलीत एक जास्तीचा मावते."

क्रियाकर्म सांगायला आलेले गुरुजी समजुतीनं म्हणाले, "बाई, जीव अडकतो. सोडावाच लागते."

वहिनी दारातून बाजूला झाल्या. मला मात्र गुरुजींचा राग आला. त्यांचं काय चुकलं होतं, तेही सांगता येईना.

पैनगंगेवर पिंडाला कावळा लगेच शिवला. मधुकरनं खड्याला तेल लावलं, शेवटचं पाणी दिलं. तो सोडणार तेवढ्यात मी हात पुढे केला आणि ओला खडा तळहातावर घेऊन उलटासुलटा पाहिला. काळा दगड. पोकळी नाही, स्फटिक नाही, कुठे रंगाची रेघसुद्धा नाही. मी तो परत दिला. मधुकर पाठमोरा झाला आणि त्यानं तो पाण्यात टाकला.

घरी आलो तर वहिनी मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होत्या.

"पाह्यला का तुमी?" त्यांनी विचारलं. "कोन्ता होता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. एखादं भारी नाव ठोकून दिलं असतं, तर कोण तपासणार होतं? पण तोंडातून खरंच निघालं.

"काही नाही वहिनी. साधा दगड होता."



"साधा कसा असंन, भाऊजी? एवढे दगड आनले त्यायनं घरात... एकाले तरी कधी साधा म्हतलं का?"

मी खोलीत पाहिलं. खाटेवर, खाटेखाली, भिंतीच्या कडेनं दगडच दगड होते, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला सांगता येत नव्हतं.