देवराईतला अनंतभावजींचा अर्धा तास

ताम्हिणी, श्रावणातला मंगळवार, १९६४. हजर: सासूबाई, आमचे हे (शाळामास्तर), मी, आणि शेळ्यांसह धोंडिबा. गैरहजर: धाकटे दीर अनंतभावजी. पण बोलले तेच!

भावजी परदेशातल्या एका सरकारी रेडिओवर मराठी अर्धा तास सादर करत. रेडिओ त्या सरकारच्या पैशावर चालायचा, आणि त्याच्यावर नजर ठेवायला एक सल्लागार मंडळ होतं. मंडळानं विचारणा केली होती: डोंगरात हा मराठी अर्धा तास कुणी ऐकतं का? नसेल तर बंद! सासूबाईंनी चार वर्षांत मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. उरला होता तो हा आवाज. अहवाल भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात याद्या मीच करते (पापडांचीसुद्धा, कुणी लाटला त्या नावासकट).

घरात नुसती खरखर ऐकू यायची. म्हणून ट्रान्झिस्टर घेऊन आम्ही वर देवराईत गेलो. संध्याकाळचे साडेपाच, पण धुकं असं की स्वतःचा हात परका वाटावा. पाऊस लागू नये म्हणून ह्यांनी ट्रान्झिस्टर एका जुन्या झाडाच्या ढोलीत ठेवला. खरखर थांबली. आणि झाड म्हणालं, "नमस्कार. सगळे जमलात ना?"

माझ्या पाठीवरून काहीतरी गार सरकलं. (गोगलगाय असावी. मी बघितलं नाही.) शेळ्या एकदम गप्प. धोंडिबानं घोंगडी बाजूला टाकून, चपला काढून हात जोडले.

कार्यक्रम संपला. हे ट्रान्झिस्टर उचलायला गेले.

"थांबा गुर्जी! हात लावू नगा!"

"अरे, माझा आहे तो!"

"हुता. द्येवाच्या रानात ठिवलं ते द्येवाचं. हितली काडीबी भाईर जात न्हाई."

"मग आम्ही ऐकायचं कुठं?"

"हितंच या की रोज! लावा, बंद करा, शेल बदला. न्यायचं मातर न्हाई."

आठवड्याभरात धुक्यात तीस माणसं येऊन बसू लागली. कुणी नारळ आणला, कुणी कोंबडं. एकीनं ढोलीत तोंड घालून विचारलं, "माजी म्हस कुटं गेली?" झाड म्हणालं, "उत्तरेकडून गार वारे येत आहेत." म्हैस उत्तरेलाच सापडली!

मी अहवाल भरला. आवाज: स्पष्ट, झाडातून. श्रोते: एकतीस, हात जोडून; शेळ्या वेगळ्या. परिणाम: म्हैस मिळाली.

"अगं, म्हैस कशाला लिहिलीस?" हे कळवळले.

"परिणाम विचारलाय, परिणाम लिहिलाय!"

दसऱ्याला मंडळाचं उत्तर आलं. अर्धा तास तूर्त चालू राहील. मात्र सरकारी पैशानं देव चालवता येत नाही, तरी दर कार्यक्रमाआधी तसा खुलासा करावा. त्या संध्याकाळी ढोलीतून भावजी म्हणाले, "श्रोतेहो, हा आवाज माणसाचा आहे. देवाचा नाही."

धोंडिबाचे डोळे भरून आले. "बगा वैनी, येवढा मोठा, पन गर्व हाय का?"

आता मंडळाचा नवा फॉर्म आलाय. एकच प्रश्न: 'आवाज माणसाचाच असल्याची श्रोत्यांना खात्री पटली आहे काय?' 'नाही' लिहिलं, तर अर्धा तास बंद. 'हो' लिहिण्याआधी मी माझ्या सगळ्या याद्या तपासल्या. ट्रान्झिस्टरचे सेल दर पंधरवड्याला बदलायचे, काम माझं. शेवटची नोंद दिवाळीची. आणि परवा होळी!

"सासूबाई, सेल तुम्ही बदललेत?"

"मी कशाला हात लावू, बाई? तू आहेस ना वक्तशीर!"

"अहो, तुम्ही?"

"मी? यादी तुझ्याकडे आहे ना!"

काल देवराईत जाऊन मागचं झाकण उघडलं. आत सेल फुटून हिरवे पडले होते. सेल न बदलताच मी झाकण लावलं. साडेपाचला भावजी खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार."

सकाळपासून सासूबाई विचारताहेत, "सूनबाई, फॉर्म धाडलास का गं?" नाव, गाव, तारीख, सगळं भरून झालंय. 'हो' की 'नाही', तेवढं राहिलंय. पण काय करू, लिहायला बसले की माझाच हात आधी (पायात नसलेल्या) चपला काढायला जातो!